उताराची नाव

बऱ्हाणपूरच्या जल-सज्जता कक्षाकडे एक नाव होती, नावेला मागं टांगलेली एक जुनी मोटर होती, आणि दोन्ही उत्तम स्थितीत असल्याचे सलग चौदा वर्षांचे अहवाल होते. दर जूनमध्ये राजघाटावर सराव होई. मोटर धडाडून सुरू होई, तापीच्या दोन्ही काठांवरचे बगळे उडून जात आणि नाव दोन किलोमीटर खाली पिंपळघाटाला पोचे. तिथं फोटो, चहा, सह्या. मग केळीच्या रिकाम्या ट्रॉलीत घालून नाव राजघाटावर परत आणत. परतीचा प्रवास पाण्यातून करावा, असं कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नव्हतं.

गोदाबाईचं घर मात्र राजघाटाच्या वरच्या अंगाला, नदी आणि नाल्याच्या बेचक्यात होतं. गेल्या ऑगस्टातल्या पुरात ती नऊ शेळ्यांसह पंपाच्या खोलीच्या छपरावर दीड दिवस बसून होती. नाव निघालेली तिनं डोळ्यांनी पाहिली. बघता बघता नाव लहान होत गेली आणि शेवटी नुसता आवाज राहिला. अहवालात नोंद झाली, "नाव तत्परतेने रवाना करण्यात आली, परंतु घटनास्थळ मागे राहिले."

यंदा मे महिन्यातच गोदाबाई सुधाकर सरांच्या ओट्यावर येऊन बसली. सर आयटीआयमध्ये तीस वर्षं इंजिनं शिकवून निवृत्त झाले होते.

"सर, त्या मोटरले एक डाव तुम्ही पाहा. माझे गुडघे गेले. यंदा छपरावर चढनं होत नाही माझ्याच्यानं."

"बघू की," सर म्हणाले. "मोटर पोरासारखी असते गोदाबाई. रडते एका जागी, दुखत असतं दुसऱ्याच."

कक्षाधिकारी कडूसाहेब हा सरांचाच विद्यार्थी. सर कक्षात येताच खुर्चीतून उठून तो पाया पडला.

"सर, आप क्यों तकलीफ लेते हो? मोटर एकदम ओके आहे. मोहित, सरांना टेस्ट दाखव."

मोहित हा कक्षाचा लिपिक. त्यानं आवारातल्या पाण्याच्या पिंपात मोटर टांगून दोरी ओढली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. त्यानं नमुन्यात भरलं, "आवाज: समाधानकारक. धूर: भरपूर."

"बाळा, पिंपात मोटर जाणार कुठं?" सरांनी विचारलं.

"कुठंच नाही सर."

"मग ती ओढते की नाही, ते कसं कळायचं?"

मोहितनं नमुना उलटून पाहिला. "सर, ओढण्याचा कॉलम नाहीये."

सरांनी हट्टानं नाव नदीत उतरवली. आधी प्लग घासले, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली, गाळणी धुतली. मोटरचा आवाज आणखी खणखणीत झाला. नाव धारेच्या उलट्या दिशेला लावली. घाटावर एक बाई चादर धूत होती; तिची चादर धुऊन, पिळून, वाळत घालून झाली, तरी नाव तिच्यासमोरच होती.

दुसऱ्या दिवशी सर घरून बायकोची, अलकाताईंची, नखांची लाल पॉलिश घेऊन आले. मोटरच्या पंख्याच्या मधल्या दांड्यापासून पात्यापर्यंत त्यांनी एक सरळ रेघ ओढली, सुकू दिली आणि पाच मिनिटं नाव पुन्हा धारेशी झुंजवली. मोटर वर उचलली तेव्हा रेघेचा अर्धा तुकडा एका बाजूला होता आणि उरलेला अर्धा भलतीकडेच.

"आता सगळे इकडं बघा," सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. "दांडा आणि पंखा यांच्यामध्ये रबर असतं. ते सैल झालंय. पिंपात जोर लागत नाही, म्हणून दोघं बरोबर फिरतात. नदीत जोर लागला की दांडा एकटाच फिरतो, पंखा मागं राहतो. कळलं?"

कडूसाहेब आदरानं पाहत राहिला. मोहितनं 'रबर' असं लिहिलं आणि खोडलं. पायरीवरून गोदाबाई म्हणाली, "म्हंजे रवीचा दांडा फिरते, न् खालचं फूल फिरत नाही. मंग लोणी येईन कुठून?"

सरांचा चेहरा फुलला. "शाब्बास! तीस वर्षांत असं उत्तर नाही मिळालं मला."

"समझ गया सर," कडू म्हणाला. "पण दिक्कत अशी आहे, रबर बदलायचं तर मोटर नादुरुस्त दाखवावी लागेल. मग मागचे चौदा अहवाल? रबर नवं मिळेल. अहवाल नवे कुठून आणू?"

"मग मी बसवून देतो. कुणाला सांगू नकोस."

"सरकारी मोटर में प्रायव्हेट रबर? आणि उद्या नाव खरंच वर चढली, तर आधी का चढत नव्हती म्हणून चौकशी लागेल ना सर!"

"कडू, हेच शिकवलं का रे मी तुला?"

"हेच तर शिकवलं सर." कडूचा स्वर अगदी निर्मळ होता. "प्रॅक्टिकलला इंजिन सुरू झालं की तुम्ही पास करायचे. गाडी कुठं जाते, ते कधी विचारलंच नाही."

सरांनी पाना पिशवीत ठेवला. वर्गात गाडी नव्हतीच. इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलेलं असे, आणि तेही फार सुंदर आवाज करी.

आठ दिवसांनी फायलीत नोंद पडली. "पंख्यावरील रेष तुटल्याचे निदर्शनास आले. रेष पुन्हा जोडण्यात आली. दोष निवारण पूर्ण." अलकाताईंची बाटली जोडपत्र म्हणून जमा झाली, ती परत मिळाली नाही. सोबत परिपत्रक निघालं: "नावेची क्षमता व नदीचा स्वभाव लक्षात घेता, वरच्या बाजूच्या नागरिकांनी पूर येण्यापूर्वी खालच्या बाजूस येऊन अडकावे. ठिकाण: पिंपळघाट. वेळ: सकाळी अकरा."

सरांनी ते दोनदा वाचून दाखवलं. गोदाबाई विचार करून म्हणाली, "जाईन बापा. छपरापेक्षा पायरी बरी."

ऑगस्टात पाणी चढू लागलं. गोदाबाई लंगडत, नऊ शेळ्या हाकत, नऊ वाजताच पिंपळघाटावर हजर झाली. काळजीनं सरही आले. घाटाच्या नुसत्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या.

मोहितनं तिला न्याहाळलं. "मावशी, आप अभी पूरग्रस्त नहीं हो. सूखे में खडी हो. दोन पायऱ्या खाली उतरा."

ती उतरली.

"अजून एक. पाणी गुडघ्यापर्यंत पाहिजे."

"गुडघेच तर दुखतात रे पोरा!"

"मग तेच गुडघे, मावशी. दुसरे कुठून आणू?"

सरांनी शेळ्यांचे दोर एका मुठीत धरले आणि फोन लावला. "अरे कडू, ती बाहेर उभी होती! तिला पाण्यात कशाला घालता?"

पलीकडून मोटरचा गडगडाट आणि त्यातून कडूचा आवाज आला, "सर, आत गेल्याशिवाय बाहेर कशी काढणार?"

अकराला नाव आली. कडूसाहेबानं गोदाबाईला हात धरून चढवलं, नावेनं अर्धं वळण घेतलं आणि तिला चार पायऱ्या पलीकडे उतरवलं. टाळ्या झाल्या. त्याच सुमारास वर तिच्या घराची मागची भिंत बसली. पण घर नियोजित ठिकाणी अडकलेलं नसल्यानं त्याची नोंद घेता आली नाही.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. सरांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर त्रेचाळीस जणांनी हात जोडले होते. गोदाबाई ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत होती. सरांनी तिला फोन दाखवला.

"मोटर लई ओरडते बाई," ती म्हणाली. "आवाज बंद करा सर."

सरांनी आवाज बंद केला. पडद्यावर नाव शांतपणे वाहत येत होती. नावेशेजारून केळीचा एक तुटका खांब येत होता. पाहता पाहता खांब नावेच्या पुढं निघून गेला.

तो व्हिडिओ तुमच्याकडंही आला होता. तुम्हीही हात जोडून तो पुढं पाठवलात. खांब त्यातही होता. पण तुम्ही आवाज चालू ठेवून पाहिलात.