भागिरथीबाईंचे डबे आणि जावा

बायको माहेरी गेली की शहाणा माणूस खानावळ लावतो. जालिंदररावांनी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास लावला.

साल नव्व्याण्णव. सोनईला सासूबाईंचे गुडघे धरले आणि त्याच आठवड्यात त्यांची म्हैस व्याली. 'दोन दिसांत येते' म्हणून गेलेल्या भागिरथीबाईंना महिना होत आला. कोपरगावच्या घरात जालिंदरराव फळीवरच्या एकसारख्या वीस-बावीस स्टीलच्या डब्यांकडे बघत बसायचे. कशात काय, ते तिच्या हातालाच ठाऊक. ते नीट क्रमाने लावून ठेवले तर ती खूश होईल, पुन्हा इतके दिवस जाणार नाही, असा त्यांचा हिशेब. झाकणं उघडून, वास घेऊन (आणि भरपूर शिंकून) त्यांनी सगळे डबे ओळखले आणि क्लासमध्ये प्रोग्रॅम लिहायला बसले.

शिकवणारे तुषार सर म्हणाले, "काका, आकडे जावा आपोआप क्रमाने लावते. पण डबा ही तुमची वस्तू. दोन डब्यांत पुढे कोण, हे तुम्हीच सांगायचं. आधीचा असला तर वजा एक, नंतरचा असला तर अधिक एक, दोघं सारखे असले तर शून्य."

जालिंदररावांनी नियम लिहिला: ज्या डब्याला हात जास्त लागतो तो पुढे. सरत्या महिन्याचा अनुभव प्रामाणिकपणे भरला आणि बटण दाबलं. पडद्यावर तीनच डबे आले. चहा, पोहे, हिंग.

"सर, बाकीचे कुठं गेले?"

"तुम्ही डबे जावाच्या ट्रीसेट नावाच्या संचात ठेवलेत. सारखे ठरले की तो त्यातला पहिला ठेवतो, बाकीचे घेतच नाही. साखरेला हात किती वेळा लागला?"

"चहाइतकाच."

"आणि तांदूळ, डाळ, मोहरी?"

"हिंगाइतकाच. म्हणजे... लागलाच नाही."

महिन्याचा सगळा संसार पडद्यावर तीन ओळींत मावला होता. जालिंदररावांना भरून आलं. ते तडक एसटीडी बूथवर गेले आणि सोनईला शेजाऱ्यांकडे फोन करून बायकोला बोलावून घेतलं. 'तुझ्यावाचून करमत नाही' असं सांगायचं होतं. पण मागे रांग, आणि रांगेतल्या सगळ्यांचे कान टवकारलेले.

"भागिरथी, घरात तीनच डबे राहिलेत गं."

"आन् बाकीचे?"

"गेले."

"गेले? अवं, कुनाला देऊन बसले? माझ्या आईनं दिलेले डबे हायेत ते!"

"अगं, कॉम्प्युटरनं..."

पण तिकडे रिसीव्हर आपटला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच एसटीने भागिरथीबाई हजर. जालिंदरराव दाढी करून, ठेवणीतला शर्ट घालून दारात उभे. बाई त्यांना वळसा घालून थेट स्वयंपाकघरात. डबे मोजले, झाकणं उघडून पाहिली, मग कुठे श्वास सोडला.

"हायेत की सगळे! जीव कसा घाबरा झाला हुता माझा." आणि त्यांनी पिशवी उचलली.

"लगेच निघालीस? आजचा दिवस तरी राहा की."

"म्हैस दुसऱ्या कुनाला धार काढू देत न्हाई. आधी आई, मग म्हैस, मग तुमी."

"मी म्हशीच्या मागं?"

"तुमी कुठं लाथा मारताय?"

तिच्या हातातली पिशवी घेऊन जालिंदरराव तिला सोडायला स्टँडवर गेले. 'लवकर ये' एवढं तरी म्हणायचं होतं. पण गाडी सुटेपर्यंत तोंड उघडेना. मग खिडकीच्या बाजूने धावत, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ते ओरडले,

"म्हैस आटली की कळव गं!"