दोनशे पावलं

"मरायच्या आधी एकदा गाऊन सांगितलेलं प्रवचन कानांवर पडू दे रे, बाकी काही मागत नाही," असं ब्याण्णव वर्षांच्या तोमेबाई महिनाभर लेकाच्या मागे लागल्या होत्या. आज तो दिवस उजाडला. जुन्या चालीत गाणारे ऱ्योकाईबुवा दुपारच्या गाडीने शिओहाताला यायचे होते. त्यांना आणायला लेक किसाबुरो, म्हणजेच गावच्या बौद्ध देवळाचे विश्वस्त, तासभर आधीच खाजगी रेल्वेच्या स्थानकाशी उभे होते.

शिओहातात दोन रेल्वे येऊन संपतात. दोन्ही स्थानकांत दोनशे पावलांचं अंतर. पण खाजगी रेल्वेला जमीन दिली ती किसाबुरोंच्या आजोबांनी, आणि तेव्हापासून घरातलं कुणी सरकारी स्थानकाची पायरी चढलेलं नव्हतं. बुवा तिकडून येतील हे त्यांच्या मनातही आलं नाही.

गाडी आली. काळा किमोनो, तुळतुळीत टक्कल, हातात जांभळं गाठोडं! किसाबुरो कमरेतून पार वाकले.

"या, या! वाट बघून डोळे शिणले!"

"माझी? अहो, मुद्दाम घ्यायला कशाला आलात?"

"गाठोडं द्या इकडे."

"छे छे, असू दे."

"द्याच!"

पाहुणे होते नुमाता, याच रेल्वेतले निवृत्त गार्ड. जुन्या सोबत्यांनी जेवायला बोलावलं होतं. त्यांनीच माणूस धाडला असं समजून ते निमूट निघाले. देवळात शिरताच कुणीतरी त्यांना थेट उच्चासनावर चढवलं. समोर ऐंशी म्हातारी माणसं चटईवर कपाळ टेकून बसलेली. नुमातांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, मी... मी म्हणजे..."

"करा सुरू! आई ताटकळलीये."

आता 'चूक झाली' म्हणावं, तर ज्याने इतक्या प्रेमाने गाठोडं वाहिलं त्याला भर सभेत मान खाली घालावी लागणार. नुमातांना ते जमेना.

इतक्यात दारात घामाघूम झालेले एक गृहस्थ उभे राहिले. तेही काळ्या किमोनोत, हातात तसंच जांभळं गाठोडं.

"मी ऱ्योकाई. सरकारी स्थानकावर कुणी भेटलं नाही, म्हणून चालत आलो."

किसाबुरोंचा आ वासलेलाच राहिला. "मग... वर कोण बसलंय?"

"ते मला काय विचारता?" बुवाही हादरले.

किसाबुरो धावणार, तोच वरून आवाज उठला. नुमातांना अडतीस वर्षांच्या नोकरीत एकच गोष्ट पाठ झाली होती, गाडीत द्यायच्या सूचना. डोळे मिटून, नाकातून, लांबवून ते गाऊ लागले, "पुढचं स्थाऽनक मात्सुनेऽ... उतरताना पायांखाली बघाऽवं..."

"नमू अमिदा बुत्सु!" सभेतून बुद्धनामाचा हुंकार आला.

एकेक स्थानक मागे पडत गेलं. म्हाताऱ्या पदर नसल्यामुळे बाह्यांनी डोळे पुसू लागल्या.

"हे शेवटचं स्थाऽनक. गाडी इथून पुढे जात नाऽही. कुणी आत बसून राहू नऽये. पुढे जाणाऱ्यांनी दोनशे पावलं चालाऽवं. दुसरी गाडी उभी आऽहे..."

सभा हुंदके देत होती. ऱ्योकाईबुवांनी केव्हाच हात जोडले होते. किसाबुरो रांगत आईपाशी गेले.

"आई, घात झाला! ते बुवा नव्हेत गं!"

"ठाऊक आहे. नुमाता गार्ड तो. तीस वर्षं मासळीची टोपली घेऊन त्याच्या गाडीत बसत होते. आवाज ओळखणार नाही होय?"

"मग रडतेस कशाला?"

"तो बिचारा रोज सांगत होता रे. मी आपली टोपली सांभाळत बसले."

नुमाता खाली उतरले. बुवांनी त्यांना वाकून नमस्कार केला, मग वर जाऊन तासभर सुरेख गायले. निघताना म्हणाले, "विश्वस्त, परत जायला माझी सरकारी गाडी आहे. पोचवायला याल ना?"

किसाबुरोंना आजोबा आठवले.

"येईल की," तोमेबाई म्हणाल्या, "दोनशे पावलं तर आहेत."