डोमाजींचे बियाणे

डोमाजी मेश्राम बॅटरीला 'बाई' म्हणत. चंद्रपूरजवळच्या आमच्या उपकेंद्रात खोलीएवढाल्या पांढऱ्या बॅटऱ्यांची रांग आहे. दिवसा वीज साठवावी, संध्याकाळी द्यावी, हे त्यांचे काम. डोमाजी रोज सकाळी प्रत्येकीच्या दारावर टिचकी मारून विचारीत, "जेवल्या का बाई?" मगच पडद्यावरचा साठ्याचा आकडा पाहत. ते ऑपरेटर होते. मी त्यांचा वरिष्ठ.

त्यांचा एक हट्ट होता. साठ्याचा चौथा हिस्सा ते कधीच खर्चू देत नसत. "हे बियाणं आहे साहेब. भूक लागली म्हणून कोनी बियाण्याचं धान शिजवत नाई." मी दोनदा लेखी समज दिली. दोन्ही कागद त्यांनी जेवणाच्या डब्याखाली अंथरले.

मे महिन्यातल्या एका दुपारी वादळाने जिल्ह्यात वीज आणणाऱ्या मुख्य वाहिन्या पाडल्या. जिल्हा बंद पडला, औष्णिक केंद्रासकट. वीज निर्माण करणारे केंद्र सुरू करायलाही आधी वीज लागते. पंप फिरल्याशिवाय बॉयलर पेटत नाही. बाहेरून वीज येण्याचा मार्ग उरला नव्हता. उरला होता तो चौथा हिस्सा; बाकीचा साठा उन्हाच्या मागणीने दुपारीच संपवला होता.

"निदान आपल्या कर्मचाऱ्यांच्या कॉलनीला आधी द्या, डोमाजी. माणसे भाजत आहेत."

"नाई साहेब. आधी केंद्राचा पंप. आताच वाटून टाकलं त मंग पेराले काय उरन?"

त्यांनी शून्यापासून विजेचा दाब चढवला, तान्ह्याला उचलावे तितक्या हळू. केंद्राकडे जाणारी, वादळातून वाचलेली पण मेलेली वाहिनी गुणगुणू लागली. केंद्रातून फोन आला: पंप फिरला. पडद्यावरचा आकडा उतरत होता. उन्हे कलताना केंद्राच्या चिमणीतून धूर निघाला. मूठभर साठ्यावर अख्खा जिल्हा उठताना मी पाहिला. नकळत मी उभा राहिलो होतो.

मग एकेक फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी वाहिनी, जोडला. आधी रुग्णालय, नंतर पाणीपुरवठा. कॉलनी सर्वांत शेवटी. डोमाजी बाहेर गेले आणि फोन कानाला लावून उभे राहिले. बराच वेळ एक शब्द नाही.

"कोणी उचलत नाही का?"

"उचलला ना. घरची आहे. कॉलनीतच."

"मग बोला की."

"लकव्यानं तिची वाचा गेली साहेब. हातही हालत नाई. शेजारीणबाई दुपारपासून ओल्या फडक्यानं वारा घालून राह्यली होती. आता तिनं फोन उशाशी ठेवला."

त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला. कूलरची घरघर येत होती. तिच्यामागे, अगदी हलका, एक संथ श्वास.