धर्मग्रामस्थ कोणास म्हणावे : पोटसमितीचा अहवाल

कलम १. शब्दाचा अर्थ ठाऊक नसेपर्यंत माणसं सुखाने नांदतात.

कलम २. आमच्या चर्चचे बत्तीसही बाक ज्याने केले, त्या सुताराने अर्ज दिला : दफनभूमीत बायकोशेजारची जागा मला मिळावी. बायको रीतसर धर्मग्रामस्थ होती. सुताराचं नाव मात्र चर्चच्या सभासदांच्या वहीत नाही. (वहीत बाकावर बसलेल्यांची नावं येतात. सुतार चाळीस वर्षं मागे उभा. बसलं की कुठला बाक कुरकुरतो ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं.)

"चिटणीससाहेब, मी तुमच्याच मागे उभा असतो की हो!"

"तेच तर, सुतारकाका. मागे होता, म्हणून दिसला नाहीत."

अर्ज लेखी फेटाळला. कारण : अर्जदार परका.

कलम ३. रद्द.

कलम ४. काका ऐकेनात. तेव्हा धर्मग्रामस्थ म्हणजे नक्की कोण, हे ठरवायला पोटसमिती बसली. बैठका सात. (पैकी सहा चहा कोणी करायचा यावर.) सातवीत समितीतल्या मास्तरांनी जाडजूड कोश उघडला. धर्मग्रामस्थ ज्यावरून आला त्या 'पॅरिशनर' या परदेशी शब्दाचा जुना अर्थ निघाला : शेजारी येऊन राहिलेला परका.

कोश पुन्हा मिटून पाहिला. अर्थ तोच राहिला.

कलम ५. घरोघर विचारणा केली : "आपण इथे परके आहात का?" एकशे सत्त्याऐंशी जण : मुळीच नाही. सव्वीस जणांनी दार तोंडावर आपटलं. (नकार धरला.) होकार एक. रंधा न थांबवता काका म्हणाले, "हो. तुम्हीच लिहून दिलंय."

कलम ६. सबब, सुतारकाका एकमेव धर्मग्रामस्थ. जागा मंजूर. उरलेल्यांनी, चिटणीसांसह, जागेसाठी काकांकडे अर्ज करावा.

कलम ३ (पुन्हा लागू). बाकावर धर्मग्रामस्थानेच बसावे.

रविवारी काका पहिल्यांदा बसले, चिटणीसांच्या बाकावर. मागे आम्ही दोनशे तेरा जण उभे. चिटणीस वाकून कुजबुजले, "काका, माझी आई त्याच दफनभूमीत आहे... तिच्याशेजारी..."

"थांब रे." काकांनी कान टवकारला, जरा हलून पाहिलं. "हा बारीक कुरकुरतोय, मागे ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं बसलास, एका शब्दाने बोलला नाहीस?"

अर्ज विचाराधीन आहे.

कलम ७. वाचकांची नावंही आम्ही वहीत शोधली. सापडली नाहीत. आपण हे बसून वाचत असाल, तर कोणाला विचारून बसलात?