हेमाची सही

आमच्या शेजारची हेमा सातार्डेकर दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधते. कोणी वेळ विचारली की आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, आणि दोन्हींचं एकमत झालं तरच उत्तर देते.

"आणि दोन्हींत वेगळी वेळ दिसली तर?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"मग मी घाबरते, वहिनी," ती म्हणाली. "पण घाबरायला हवं हे निदान कळतं तरी. एकच घड्याळ असेल तर तेही कळत नाही."

हे ती गमतीने म्हणत नव्हती. हेमा गंमत करत नाही. समोरच्याला कळली नाही तर काय, अशी तिला भीती असते.

करी रोडला आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला तेव्हा मजले वाढले, पण दारं उघडी ठेवायची सवय काही कोणाची गेली नाही. अशा मजल्यावर हेमा राहायला आली, आणि तिच्या दाराला कडी, साखळी, दोन कुलपं आणि आतून एक स्टूल. चाळिशी ओलांडलेली, एकटी, आईवडील सावंतवाडीकडचे, दोघंही आता नाहीत. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते एवढंच आम्हाला माहीत होतं. लालबागला मसाला करायला जायची तर निम्म्या मिरच्या एका डंकावर कुटायला द्यायची, निम्म्या दुसऱ्या. एकाचं बिघडलं तर दुसरा असावा म्हणून. मी म्हटलं, मग घरी आणून दोन्ही एकत्र कर की. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी विहिरीत काहीतरी टाकायला सांगितलंय.

कुकर ती वापरत नाही. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि खूप माणसं असली तरीही चढत नाही. तिला दोघं-तिघं लागतात. कुठलीही गोष्ट विचारा, तिचं पहिलं उत्तर ठरलेलं: "पडताळून सांगते." एकदा मी विचारलं, हेमा, जेवलीस का? ती म्हणाली, पडताळून सांगते. मग स्वतःच ओशाळली.

अशा बाईने कामही निवडलं होतं ते जगातलं सगळ्यात भीतीचं.

एका रविवारी माझा नवरा शेखर बँकेवर चिडून बसला होता. त्याची सही त्याच्याच जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत पाठवला होता. हेमा आमच्याकडे भाकरीचं पीठ द्यायला आली होती, ती सहीचा विषय निघाल्यावर दारातच थांबली. मग आत येऊन बसली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने तिचं काम आम्हाला सांगितलं.

कॉम्प्युटरवर चालणारी नाणी असतात, त्यांतलं एक छोटंसं, फार कोणाला माहीत नसलेलं नाणं. त्याला बँक नाही, साहेब नाही. जगभर ज्यांच्या ज्यांच्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम चालतो ते सगळे मिळून एकच हिशोब ठेवतात. प्रत्येक व्यवहारावर आकड्यांनी केलेली सही असते, आणि ती खरी की खोटी हे प्रत्येक कॉम्प्युटर आपलं आपण तपासतो.

"पण सगळे एकच प्रोग्रॅम वापरतात," हेमा म्हणाली. "तो चुकला तर सगळे एकदम चुकणार, आणि चुकलोय हे सांगायला कोणी उरणार नाही. म्हणून मी दुसरा लिहिलाय. पहिल्यापासून, माझ्या पद्धतीने. सगळ्यांना बघायला उघडा, कोणीही फुकट घ्यावा."

शेखर म्हणाला, मग तुझा चुकला तर?

हेमाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तेच ना," ती म्हणाली. मूळ प्रोग्रॅम ज्या सहीला खरी म्हणेल तिला हिच्यानेही खरी म्हटलं पाहिजे, तो जिला खोटी म्हणेल तिला हिच्यानेही खोटी. एका जरी सहीवर दोघांचं बिनसलं तर हिशोबाच्या दोन वाटा होतात, आणि हिच्या वाटेने गेलेली माणसं फसतात. त्यातून मूळ प्रोग्रॅममध्ये सुरुवातीची एक चूक राहून गेलेली. आता ती सुधारता येत नाही, कारण सगळा जुना हिशोब तिच्यावर उभा. म्हणजे हेमालाही तीच चूक जाणूनबुजून, तशीच्या तशी करणं भाग. त्या ओळीच्या वर तिने प्रोग्रॅममध्येच एक टीप लिहिली होती: हे चूक आहे हे मला माहीत आहे, माफ करा.

"किती जण वापरतात तुझा?" मी विचारलं.

"मोजकेच," ती म्हणाली. "प्रत्येकाची काळजी वाटेल इतकेच."

त्यानंतर काही महिन्यांनी हेमा बोलेनाशी झाली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग तिच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी दुपारपर्यंत लटकलेली दिसू लागली. बेल वाजवली तर आतून स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, पण दार उघडायचं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका मला लिफ्टपाशी थांबवून दबक्या आवाजात म्हणाले, "तां क्रिप्टो-बिप्टोचा काम बरा नाय हां. पोलीस इले तर सगळ्या मजल्याचा नाव जातला." पेपरात रोज कोणाला तरी ऑनलाइन फसवल्याच्या बातम्या. फसवणारेही असेच कुठेतरी टॉवरमध्ये दार लावून बसलेले असतात म्हणे. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. आणि दुसरी एक भीती होती, ती मी शेखरलाही सांगितली नाही. एकटी बाई, दार बंद, दूध बाहेर. भलतंच काही मनात येत होतं.

शेवटी एका दुपारी मी तिच्या दाराशी उभी राहिले आणि दाराला तोंड लावून सांगितलं की मी इथून हलणार नाही.

साखळीएवढं दार उघडलं. हेमाचं तोंड उतरून गेलं होतं. केस विंचरलेले नव्हते. दोन्ही घड्याळं मात्र हातात होती.

"वहिनी, मला काही विचारू नका," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तर मी सांगेन. आणि सांगितलं तर त्याचा घात होईल."

"कोणाचा?"

तिने माझ्या मागे जिन्यापर्यंत नजर टाकली. मग तिने साखळी काढली.

आत पंखा बंद होता. आवाजाने विचार तुटतो म्हणून. तिने सगळं सांगितलं, तेही जवळजवळ कुजबुजत. तिच्या प्रोग्रॅममध्ये तिलाच एक भोक सापडलं होतं. सहीतल्या आकड्याच्या आधी एक फालतू शून्य लावलं तर मूळ प्रोग्रॅम ती सही फेकून द्यायचा, हिचा मात्र चालवून घ्यायचा. कोणी मुद्दाम तशी सही करून पैसे दिले, तर हिच्या प्रोग्रॅमवाल्याला ते मिळालेले दिसणार आणि बाकी जगात ते मिळालेलेच नसणार. माल देऊन बसलं की संपलं.

तिने चूक लगेच सुधारली होती. पण सुधारलेला प्रोग्रॅम सगळे घेईपर्यंत भोक कुठे होतं ते बोलायचं नाही, असा या धंद्याचा रिवाज. बोललं तर चोराला पत्ता सांगितल्यासारखं. म्हणून तिने नव्या प्रोग्रॅमवर लिहिलं होतं, "किरकोळ साफसफाई". आयुष्यात न केलेला खोटेपणा तिने दोन शब्दांत केला होता. दाराबाहेर पडलं तर तोंडातून निघून जाईल म्हणून ती बाहेर पडत नव्हती.

कोण कुठला प्रोग्रॅम चालवतो हे या कॉम्प्युटरांना एकमेकांचं दिसतं. एकेक करून सगळ्यांनी नवा घेतला होता. एकच जुन्यावर राहिला होता. पोर्तुगालमधला आर्मिंदो नावाचा एक म्हातारा. बंदरावरच्या कचेरीतून निवृत्त झालेला. मुलीचं मधाचं दुकान, आणि त्या दुकानात हे नाणं चालायचं, हेमाच्या भरवशावर. हिचा प्रोग्रॅम वापरणारा पहिला माणूस तो. वर्षानुवर्षं तिच्या चुका काढून पाठवायचा, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तिकडचं हवामान लिहायचा.

"त्याला तीनदा लिहिलं, नवा घ्या म्हणून," हेमा म्हणाली. "तो त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस आहे. उत्तर नाही. मला आता शून्याची भीती वाटत नाही, वहिनी. तोच नसला तर?"

दुकानाचा फोन नंबर तिच्याकडे होता, पण अनोळखी माणसाला फोन करायची तिची छाती नव्हती. मी विमा कंपनीत क्लेम बघते, दिवसभर परक्या लोकांशी इंग्रजीत बोलायची मला सवय. म्हणून मी तिला आमच्याकडे आणलं, सोफ्यावर बसवलं आणि फोन लावला.

दुकानातून आर्मिंदोची मुलगी बोलली. मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं की मी भारतातून, मुंबईहून बोलते आहे, तुमच्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर एक नवा प्रोग्रॅम ताबडतोब टाकायला हवा, का ते मात्र मला सांगता येणार नाही.

हे वाक्य माझ्या तोंडातून पूर्ण बाहेर पडलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. तिने फोन ठेवला.

माझे कान तापले. जन्मात मला कोणी भामटी समजलं नव्हतं. हेमा मात्र कितीतरी दिवसांनी ताठ बसली. "बरोबर केलं तिने," ती म्हणाली. "मीही ठेवला असता."

मग हेमानेच दुकानाच्या पत्त्यावर दोन ओळींची मेल लिहिली. आत्ता आलेला फोन आमचाच होता, आमच्यावर विश्वास ठेवू नका, वडिलांना फक्त माझं नाव सांगा, आणि ते बरे आहेत की नाहीत तेवढं कळवा.

नंतरचा वेळ फार वाईट गेला. आता ते गुपित मलाही चिकटलं होतं. ऑफिसात कोणी मोठ्याने 'सही' म्हटलं की मी आधी दाराकडे बघायची. परबकाका लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मी ओठ घट्ट मिटून वर चढणारे आकडे बघत राहिले, आणि त्यांना वाटलं मी रागावलेय. हेमा जेवायला आमच्याकडे यायची, ताटात बोट फिरवायची आणि फोनकडे बघत बसायची. त्या म्हाताऱ्याला काही झालं असेल, किंवा अजून कोणीतरी ते भोक शोधून काढलं असेल. दोन्हींतलं कुठलं आधी कळणार याची आम्ही वाट बघत होतो. रस्त्यावरून अँब्युलन्स गेली तरी ती दचकायची. मीही.

उत्तर आलं ते आम्ही दोघी भाजी निवडत असताना. हेमाने फोन उचलला आणि लगेच माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा," ती म्हणाली.

मुलीने लिहिलं होतं की वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, ते इस्पितळात आहेत आणि शुद्धीवर आहेत. हेमाचं नाव त्यांना सांगितलं. ते म्हणाले, नावावर जाऊ नकोस, नाव कोणीही सांगेल. मी एक वाक्य देतो. ती खरीच ती असेल तर तिच्या किल्लीने, म्हणजे फक्त तिच्याकडेच असलेल्या गुप्त आकड्याने, त्या वाक्यावर सही करून पाठवेल. तशी सही दुसऱ्या कोणाला करताच येणार नाही.

खाली ते वाक्य होतं. इंग्रजीत, एका ओळीचं. मी तिला मराठीत वाचून दाखवलं:

"मी बरा आहे, हेमा. घाबरू नकोस."

हेमाने मला ते परत वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग तिने कुडत्याच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांना कसं कळलं? मी कधी लिहिलं नव्हतं, घाबरते म्हणून."

जी बाई प्रोग्रॅममध्येसुद्धा माफी मागते, तिची पत्रं वर्षानुवर्षं वाचणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

ती घरी गेली, त्या वाक्यावर सही केली आणि पाठवली. आर्मिंदोने पलंगावरून सांगत सांगत मुलीकडून ती तपासून घेतली. संध्याकाळच्या आत त्याच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम चालू झाला. काही दिवस जाऊ दिल्यावर हेमाने सगळी चूक जाहीर केली, कुठे होती, कशी झाली, स्वतःच्या नावानिशी. तिने सांगितलं नसतं तर कोणालाही पत्ता लागला नसता. जगभरातून चार-दोन लोकांनी आभार मानले, एकाने खडसावलं. त्या खडसावणाऱ्याला तिने सविस्तर उत्तर लिहिलं. परबकाकांना मी एवढंच सांगितलं की पोलीस येणार नाहीत.

आता रविवारी दुपारी हेमा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येते. स्वतःच्या घरी तिला व्हिडिओ कॉलची भीती वाटते. पडद्यावर एक हडकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस येतो, हात वर करतो, तिकडची हवा कशी आहे ते सांगतो. मग तो त्याचं काम करत बसतो आणि ही तिचं. तासभर नुसता बटणांचा आवाज. मी एकदा विचारलं की अगं, बोलत का नाही तुम्ही काही?

"काय बोलायचं," हेमा म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. तिकडे म्हातारा खोकला. तिची बोटं थांबली. तो पाणी प्यायला, त्याने चष्मा सारखा केला आणि पुन्हा कामाला लागला. मग तिचीही बोटं चालू झाली.