कोपरवनातला मुका सोमवार

एका जंगलाच्या पाठीमागे, बाळांनो, आणखी एक जंगल होतं. पुढच्याचं नाव महावन. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्याचं नाव कोपरवन. ते फक्त तिथे राहणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

कोपरवनातली मंडळी मोठी भाविक. चातुर्मासात कुणी जमिनीवर जेवायचं, कुणी अळणी खायचं. श्रावणी सोमवारी तर सगळं रानच मौन धरायचं. रात्री मुक्यानेच जेवायचं आणि मुक्यानेच निजायचं. मंगळवारी उजाडलं की मात्र आदल्या दिवसाचं साठलेलं सगळं बोलून काढायचं.

अशा एका सोमवारी महावनातून एक उंट आला. जंगलात उंट कुठून, ते मला विचारू नका. विद्वान कुठूनही येतात. त्याला उष्ट्राचार्य म्हणायचे. त्याने सशाला वाट विचारली, कासवीण आजींना नाव विचारलं, साळुंकीबाईंना पाणी मागितलं. सगळ्यांनी हात जोडले, हसून माना हलवल्या आणि त्याला पंगतीला बसवलं. सारवलेल्या जमिनीवरच अळणी भात वाढला. पहाटे कुणी जागं व्हायच्या आत आचार्य निघून गेले.

महावनात त्यांनी व्याख्यान दिलं. कोपरवनात भाषा नाही. मिठाचा शोध लागलेला नाही. पानावर जेवणं ठाऊक नाही. तरी बिचारे हसतमुख आहेत. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. लगेच मिठाची पोती रवाना झाली. पोती परत पाठवावीत, असं मुंगसाचं मत पडलं. पण दारी आलेलं मीठ नाकारू नये, असं कासवीण आजी म्हणाल्या. त्या वर्षी घरोघर लोणची फार छान झाली.

साळुंकीबाईंना मात्र घोर लागला. त्यांच्या मंजिरीला महावनातल्या मैनाबाईंच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा गुणी होता आणि मंजिरीच्याही मनात भरला होता. पण आपली लेक मुकी आहे असं त्यांना वाटलं तर? मंजिरी आणि मुकी! ती तर उकळत्या दुधाशीही बोलायची.

साळुंकीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लेकीला बजावलं, की पाहुण्यांसमोर भरपूर बोल.

पाहुणे गुरुवारी आले. मैनाबाई, त्यांचा मुलगा सारंग, आणि जाणकार म्हणून उष्ट्राचार्य. मंजिरीने या बसा केलं, प्रवासाचं विचारलं, वाटेतल्या ओढ्याला पाणी किती होतं ते विचारलं. आचार्यांनी मैनाबाईंच्या कानात सांगितलं, की हे पाठ करवून घेतलेलं आहे, अर्थ तिला कळत नाही. आमटी चवदार निघाली, तेव्हा ते म्हणाले, मीठ आपलंच. केळीचं पान त्यांनी वाकून न्याहाळलं. मग म्हणाले, हे आपल्याकडे पाहूनच शिकले असणार.

मंजिरी बोलतच होती. मैनाबाईंचा चेहरा मात्र उतरत चालला होता. शेवटी त्यांनी वाटी बाजूला सरकवली.

"स्पष्टच सांगते विहीणबाई. तुमच्याकडच्या मुली बोलत नाहीत असं ऐकलं, म्हणून तर मी एवढ्या लांबून आले. आमच्या घरात बोलायला मी आहे."

साळुंकीबाईंच्या हातातली पळी आमटीतच राहिली. जे खोटं म्हणून त्या रडत होत्या, तेच खरं असतं तर लग्न जमलं असतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. गप्प बस, असं डोळ्यांनीच विनवलं. एवढं लग्न लागेपर्यंत तरी.

मंजिरीने ते पाहिलं. मग पदर सावरून हळूच म्हणाली, "सासूबाई, सोमवारी मी गप्प असते ती महादेवासाठी. तुमच्यासाठी आठवडाभर गप्प राहिले, तर महादेव म्हणतील, मंजिरी, मला एकच दिवस होय गं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून हसू आलं. सारंग हसत होता. मैनाबाई बघतच राहिल्या. आपला मुलगा असा हसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घरात त्याला कधी मध्ये शिरायला जागाच मिळाली नव्हती.

सारंगने मंजिरीला विचारलं, की सोमवारी एवढं गप्प राहून मग मंगळवारी तुम्ही काय काय बोलता? ती सांगू लागली. तो मधूनमधून विचारू लागला. दुपार कलली तरी दोघं आपली बोलतच.

मैनाबाईंनी वाटी पुन्हा पुढे ओढली. आमटी वाढून घेतली आणि म्हणाल्या, "सोमवारी तरी नक्की गप्प असते ना?"

"नक्की," मंजिरी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही बोला. मी मनापासून ऐकेन."

मार्गशीर्षात लग्न झालं. उष्ट्राचार्य दोन्ही पंगतींना जेवले. परत गेल्यावर त्यांनी नवं व्याख्यान दिलं, 'कोपरवनाला मी बोलायला कसं शिकवलं'. महावनाने त्यांना शाल दिली.

तात्पर्य: मुलांनो, परक्या देशाविषयी विद्वान व्हायचं असेल तर तिथे एकच रात्र राहावं. दुसऱ्या दिवशी तिथले लोक बोलू लागतात, आणि मग विद्वत्ता टिकत नाही. फार तर सोयरीक जुळते.