बिनतक्रार अस्तराची पाहणी

ज्याची तक्रार येत नाही ते सुरळीत चालू आहे असे समजावे, हा कारभाराचा पाया आहे. डोंबिवलीच्या आरोग्यहितवर्धक मंडळाचा कारभार त्यावरच उत्तम चालला होता. १९५५ साली ठाण्याच्या डॉक्टर ऑस्वल्ड यांनी व्याख्यान देऊन तो बिघडवला.

डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनीला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. सिगारेट, वाढलेला रक्तदाब, रक्तातली फाजील चरबी यांनी ते खराब होते, तिथे चरबी धरू लागते आणि वीसेक वर्षांनी वाहिनी मोरीसारखी तुंबते. सुरुवातीला दुखत मात्र काहीच नाही. (हे ऐकून पुष्कळांना बरे वाटले.)

मंडळाने ताबडतोब पाहणी हाती घेतली. ज्याचे अस्तर बिघडले असावे त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. श्रोते चौऱ्याहत्तर, चिठ्ठ्याही चौऱ्याहत्तर. कचेरीतले साहेब तेवीस, मेहुणे एकोणीस, वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड चौदा, सासूबाई अकरा, खुद्द व्याख्याते सहा. (ते अंगाने भरलेले होते.) स्वतःचे नाव: शून्य. एवढा निरोगी श्रोतृवर्ग दुसऱ्या कुठल्या गावाला लाभला असेल असे वाटत नाही.

उरलेली चिठ्ठी अध्यक्ष विश्रामरावांनी मोठ्याने वाचली. ‘अध्यक्ष. रोज वीस सिगारेटी. दोन मजले चढताना तीनदा थांबतात आणि दोष जिन्याला देतात. मला भीती वाटते.’ अक्षर ओळखीचे होते. वाण्याची यादी दर महिन्याला त्याच अक्षरात त्यांच्या खिशात येत असे.

“निनावी तक्रारीची दखल घेता येत नाही,” ते म्हणाले.

“अहो, द्या इकडे. सही करते.” बायकांच्या रांगेतून त्यांच्या पत्नी वासंतीबाई उठल्या आणि सही करून बसल्या.

आता प्रकरण रीतसर झाले. विश्रामरावांनी विचार करण्यासाठी सिगारेट पेटवली आणि उपसमिती नेमली. सभासद एक, ते स्वतः. रोगालाच वीस वर्षे लागतात, तेव्हा समितीने घाई करणे बरे दिसणार नाही. अहवाल १९७५ साली. टाळ्या झाल्या.

“मी बघेन हो वाट वीस वर्षं,” वासंतीबाई म्हणाल्या. “तुम्ही असाल ना पण?”

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे इतिवृत्तात घेतलेला नाही.

पाहणी अद्याप खुली आहे. वर सिगारेट, रक्तदाब, चरबी हे वाचताना आपल्याही मनात कुणाचे तरी नाव आलेच असेल. ते आम्ही डब्यात टाकले आहे. आता चिठ्ठ्या पंच्याहत्तर. स्वतःचे नाव: शून्य.